परमिट आहे का?

गेल्या डिसेंबरात आम्ही शाळेतले पाच मित्र महाडला जमलो आणि एकाच्या गच्चीवर व्हिस्की चाखायला बसलो. ‘प्यायला’ म्हणायचं नाही, ‘चाखायला’ म्हणायचं, अशी पुण्याहून आलेल्या मित्राची अट होती. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून सहा निमुळते ग्लास आणले होते, चीज आणलं होतं आणि मोबाईलवर एक तक्ताही तयार केला होता. रंग, वास, चव आणि घोट उतरल्यावर मागे राहणारी चव, अशा चार रकान्यांत प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे. आपल्याकडे चाखायचा तो चखणा, दारू नव्हे, असं यजमान मित्राचं मत. त्याने त्याच्या मताप्रमाणे तयारी केली होती. नाक्यावरच्या परमिट रूममधून चना कोळीवाडा, मसाला पापड आणि चिकन चिलीचं पार्सल आलं होतं. घरातून भाजलेली सुकट आली, वर बारीक कांदा आणि लिंबू. चीजला शेवटपर्यंत फारसं कुणी विचारलं नाही.

बाटल्या तीन होत्या. पहिली आपली नेहमीची, कुठल्याही परमिट रूममध्ये मिळणारी. दुसरी गोव्याची पॉल जॉन. ती कुंकळ्ळीला तयार होते आणि कुंकळ्ळी याच मुंबई-गोवा महामार्गावर आहे, हे कळल्यावर सगळ्यांना उगाचच जवळीक वाटली. तिसरी विमानतळावर घेतलेली लॅफ्रॉइग, स्कॉटलंडमधल्या आयला बेटावरची. तिथे बार्ली वाळवताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत शेकडो वर्षं कुजत-दबत गेलेल्या वनस्पतींचा थर. त्याचा धूर धान्यात मुरतो आणि पुढे बाटलीत उतरतो. आमच्यातला एकजण बिरवाडीला एमआयडीसीत केमिकल इंजिनिअर आहे. त्याने ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. “फिनॉल. दिवसभर हाच वास घेऊन आलोय. याला पैसे देता तुम्ही?”

यजमानाच्या आईचं म्हणणं पडलं, की वास दवाखान्यासारखा येतोय. तेवढ्यात जिन्यावरून काकांचा आवाज आला, “काय रे पोरांनो, परमिट आहे का?”

आम्ही हसलो. कुणाकडेच नव्हतं.

काकांचा प्रश्न मात्र कायद्याला धरून होता. महाराष्ट्रात दारू प्यायची, बाळगायची किंवा विकत घ्यायची तर आजही परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशी दारूसाठी पाच रुपयांना, देशीसाठी दोन रुपयांना. व्हिस्कीसाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. ज्या कायद्याखाली हे परवाने दिले जातात त्याचं नाव आहे महाराष्ट्र दारूबंदी कायदा. म्हणजे कागदोपत्री आपण अजून दारूबंदीच्या राज्यात राहतो आणि परवाना हा त्या बंदीला दिलेला अपवाद आहे. महाड ते पोलादपूर या वीसेक किलोमीटरच्या रस्त्यावर लहानपणापासून ‘बार’ या शब्दाशेजारी ‘परमिट रूम’ हे शब्द वाचत आलो. आत बसलेल्या माणसाने आधी परवाना घेतला आहे असं त्या पाटीने गृहीत धरलं आहे, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या रात्रीनंतर मी या शब्दाच्या मागे लागलो.

हा शब्द दारूबंदीतून आला. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेरांच्या सरकारने पहिल्यांदा दारूबंदी लागू केली. काही महिन्यांत काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली आणि तो प्रयोग ढिला पडला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी झाली. तेव्हा खेर मुख्यमंत्री होते आणि गृहमंत्री मोरारजी देसाई या धोरणाचे सर्वांत कडवे पुरस्कर्ते होते.

या कायद्याविरुद्ध फ्रामजी नसरवानजी बलसारा नावाचे पारशी गृहस्थ उच्च न्यायालयात गेले. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन, एवढंच काय, ओ द कोलोन बाळगण्याचा आणि वापरण्याचा आपला हक्क त्यांनी मागितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि २५ मे १९५१ रोजी निकाल लागला. मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी न्यायालयाने रद्द केली. बाकी कायदा बहुतांशी टिकला. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही अभ्यासतात. मला त्यातला एक मुद्दा घरचा वाटला. लष्कराच्या मेस आणि कँटीनना दारूबंदीतून सूट होती. उच्च न्यायालयाने ती समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा वैध ठरवली. फौजेतल्या माणसांचा वर्ग वेगळा मानता येतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

त्या सवलतीचा अर्थ आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस सैन्यात म्हणून गावाच्या नावालाच ‘फौजी’ लागलं. महाड-पोलादपूरच्या वाड्यांमधून सैन्यात जायची रीत जुनी आहे आणि सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या ट्रंकेत कँटीनची रम असायचीच. गावात तिला दारू म्हणत नसत. ‘कोटा’ म्हणत.

दुसरी सवलत आरोग्याची. दारू सोडली तर तब्येतीला अपाय होईल असं ज्याच्याबाबत मान्य होई, त्याला परवाना मिळे. आजच्या परवान्यातही आरोग्य राखण्यासाठी पिण्याची भाषा टिकून आहे. जगभर हीच पळवाट होती. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात व्हिस्की मिळत असे. काकूंना आलेला दवाखान्याचा वास ऐकून मी हसलो होतो. इतिहासात तो वास अनेकांच्या उपयोगी पडला होता.

पण डॉक्टरची चिठ्ठी आणायला आधी डॉक्टर हवा, अर्ज लिहिता यायला हवा, पैसे हवेत. कोटा मिळायला घरात फौजी हवा. ज्यांच्याकडे यांतलं काहीच नव्हतं त्यांची दारू ‘हातभट्टी’ झाली.

इथे मला माझ्या आजोबांकडे यावं लागतं.

आजोबा पोलादपूरच्या बाजूला, घाटाच्या पायथ्याच्या एका गावाचे पोलीस पाटील होते. गोष्ट सत्तरच्या दशकातली. भट्टीवर धाड पडली की पंच म्हणून त्यांना बोलावणं यायचं. पंचनाम्याची भाषा त्यांना तोंडपाठ होती. ओढ्याच्या काठी, झाडीच्या आडोशाला, अमुक डबे गूळमिश्रित रसायन मिळून आले, जागीच नष्ट केले. काळा गूळ आणि नवसागर घालून आंबवलेल्या द्रावणाला पोलिसांच्या मराठीत ‘रसायन’ म्हणतात. वर्तमानपत्रातल्या धाडीच्या बातम्यांत तो शब्द आजही येतो.

आजोबांची एक आवडती गोष्ट होती. कातकरी वाडीवर धाड पडली होती. डबे ओतून झाले, मडकी फोडून झाली. म्हातारा कातकरी हात जोडून उभा होता. आजोबांनी त्याला विचारलं, “काय रे, परमिट आहे का?” म्हाताऱ्याला तो शब्दच माहीत नव्हता. त्याने घरात जाऊन रेशनकार्ड आणून दाखवलं. इथवर आलं की आजोबा हसत आणि ऐकणारे सगळे हसत. मीही लहानपणी पुष्कळदा हसलो आहे. त्या संध्याकाळी आजोबा घरी परतले की आंघोळ करून ओटीवर बसत आणि धाकट्या भावाने आणलेल्या कोट्यातली रम दोन बोटं घेत. आजीने पुढे ठेवलेले भाजलेले शेंगदाणे हा त्यांचा चखणा. या दोन गोष्टी एकाच दिवसाच्या आहेत हे आमच्या घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही.

हातभट्टीची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. दारूने उठवलेली घरं आमच्या गावातही आहेत आणि बाटली आडवी करण्यासाठी मतदान करणाऱ्या बायकांना ती मोजून माहीत आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. तो म्हातारा गुन्हेगार कधी आणि कसा झाला?

त्यासाठी दारूबंदीच्याही मागे जावं लागतं. गंमत अशी, की त्याला गुन्हेगार करणारा पहिला कायदा दारू थांबवण्यासाठी केलेलाच नव्हता. तो महसूल वाढवण्यासाठी होता. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा. त्याआधी कोकणात भट्ट्या गावोगाव चालत आणि ठरावीक रक्कम भरून मक्ते घेतले जात. नव्या व्यवस्थेत गाळप थोड्या मोठ्या भट्ट्यांमध्ये एकवटलं, म्हणजे कर गोळा करायला सोपं. आमच्या किनाऱ्यावर याचं मोठं केंद्र होतं उरण. तिथल्या भट्ट्या बहुतेक पारशी मालकांच्या, दारू मोहाच्या फुलांची. माडी-ताडी काढायची तर झाडागणिक कर आला आणि भंडाऱ्यांच्या पिढीजात धंद्याचं कंबरडं मोडलं.

तरी लोक घरी गाळतच राहिले, कारण मोहाचं झाड जंगलात होतं आणि फुलं आपोआप खाली पडत होती. मग १८९२ मध्ये सरकारने खास ‘म्हवरा ॲक्ट’ आणला, तो ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात. फुलं गोळा करणं, बाळगणं, वाहून नेणं, सगळं सरकारी नियंत्रणाखाली आलं. मोहाची फुलं हे गरिबाचं अन्न आहे, दुष्काळात लोक त्यावर जगतात, असा विरोध झाला. कायदा तरीही झाला. तोवर दारू गाळणं हा गुन्हा होता, आता झाडाखाली पडलेलं फूल वेचणं संशयास्पद झालं.

त्याच काळात आमच्याच रस्त्याने दुसरी दारू वर चालली होती. मुंबईचे साहेब उन्हाळ्यात महाबळेश्वरला जात. रेल्वे येण्याआधीची त्यांची एक वाट समुद्रातून बाणकोटच्या खाडीत, सावित्रीतून दासगाव-महाडपर्यंत आणि तिथून पोलादपूरमार्गे घाट चढून. १८७० च्या दशकात पूर्ण झालेल्या आंबेनळी घाटाचं इंग्रजी नाव फिट्झगेराल्ड घाट असं होतं, ते मुंबईच्या गव्हर्नरावरून. हमालांच्या डोक्यावरून गेलेल्या त्या सामानात बाटल्या असणारच. त्यांच्यासाठी कुणी झाडाखाली पाळत ठेवली नाही.

आता पुन्हा गच्चीवर. तिसऱ्या ग्लासाच्या वेळी पुण्याच्या मित्राने सांगितलं, की चांगल्या व्हिस्कीत पाण्याचे दोन-तीन थेंब घालायचे, म्हणजे वास मोकळा होतो. त्यासाठी त्याने पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या आणल्या होत्या. नळाचं पाणी चालणार नाही, म्हणाला.

“कितीला पडल्या?” दासगावच्या मित्राने विचारलं.

“वीस वीस. चाळीस.”

“वा. महाडात चाळीस रुपयांचं पाणी,” तो म्हणाला आणि थोडा वेळ थांबून त्याने पुढचं सांगितलं. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली. हजारो माणसं आली. गावात पाणी होतं, पण या माणसांना भरू देत नव्हते. म्हणून परिषदेसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. १९२७ चे चाळीस रुपये. “आमच्याकडे २० मार्चला कुणी थेंब घेत नाही,” तो म्हणाला. “दारूचा, म्हणजे.”

चवदार तळ्याची हकीकत मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. पण अबकारीचे कागद चाळल्यावर मला ती वेगळ्या बाजूने दिसली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. बोले हे भंडारी समाजाचे पुढारी. ज्यांच्या माडांवर झाडागणिक कर बसला, त्या समाजाचे. आणि सार्वजनिक पैसा म्हणजे तरी काय? मुंबई इलाख्यात जमीन महसुलाखालोखाल सरकारचं मोठं उत्पन्न अबकारीचं होतं. १९१९ च्या सुधारणांनंतर अबकारी आणि शिक्षण ही दोन्ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली, तेव्हा शाळा चालवायच्या तर दारूच्या पैशावर, हा पेच उघडच होता. तो कर भरणारे मुख्यतः गरीब होते, त्यांत अस्पृश्यही होते. ज्या तिजोरीत त्यांचा पैसा होता, त्या तिजोरीवर चालणाऱ्या तळ्याचं पाणी त्यांना नव्हतं. त्यांच्याकडून दारूवरचा कर घ्यायला मात्र कुणाला विटाळ झाला नाही.

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये बोले ठरावाला अनुसरून तळं खुलं केलं. नगराध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस. कागदावर परवानगी आली, पण पाणी कुणी भरू देईना. म्हणून २० मार्च १९२७ ला लोक रांगेने तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले आणि शेणमूत, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. पाणी पिण्याचा परवाना मिळवायला दहा वर्षांची कोर्टकचेरी.

दारूचा परवाना त्या मानाने लवकर सैल झाला. १९६० च्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात बंदी ढिली पडली. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि ‘देशी’ला सरकारमान्यता मिळाली. साखर कारखान्यांच्या मळीला गिऱ्हाईक मिळालं. आमच्या पहिल्या बाटलीवर बिरवाडीच्या मित्राने हीच माहिती दिली. स्कॉटलंडमध्ये व्हिस्की म्हणायला धान्य लागतं आणि ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरणं लागतं. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बऱ्याचदा मळीचाच मद्यार्क असतो. देशीतही मळीच. पण एक कायद्याने ‘देशी’ आणि दुसरी ‘भारतीय बनावटीचं विदेशी मद्य’. एकच मळी, पण दुकानं दोन, कर दोन, बसणारी माणसंही दोन प्रकारची.

सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला महामार्गालगतची दारूविक्री बंद करायचा आदेश दिला, तेव्हा १ एप्रिल २०१७ पासून आमच्या रस्त्यावरच्या परमिट रूमची शटर पडली. काही पाट्यांवरचे पहिले दोन शब्द रंगाने झाकले गेले आणि ‘फॅमिली रेस्टॉरंट’ तेवढं उरलं. जुलैत न्यायालयाने खुलासा केला, की नगरपालिकांच्या हद्दीत ही बंदी लागू नाही. नगरपालिकेची हद्द! नव्वद वर्षांपूर्वी याच शब्दांवर महाडात पाण्याचा खटला उभा राहिला होता.

आणि २०२१. त्या वर्षी राज्य सरकारने आदिवासींना मोहफुलं गोळा करायला, साठवायला असलेले निर्बंध उठवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्के केलं. मोहाच्या फुलाला मोकळं व्हायला म्हवरा ॲक्टपासून १२९ वर्षं लागली. स्कॉचची बातमी पहिल्या पानावर होती. मोहाची मला शोधून वाचावी लागली.

रात्री उशिरा तक्त्याची बेरीज झाली. गोव्याची पहिली आली, आयलाची दुसरी, आपली नेहमीची तिसरी. केमिकल इंजिनिअर म्हणाला, आपण एक बाटली ठेवलीच नाही, मोहाची. ती कुठे मिळेल हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. पाचही जण याच मातीतले, तरी पीट आम्हाला वासावरून ओळखता येऊ लागलं होतं आणि मोहाचा वास कुणीच घेतला नव्हता.

मी तेव्हा म्हाताऱ्या कातकऱ्याची गोष्ट सांगितली. आजोबांसारखीच सांगितली, रेशनकार्डापाशी थांबून. कुणी हसलं नाही. दासगावच्या मित्राने विचारलं, “मग काय झालं त्याचं?”

मला माहीत नव्हतं. आजोबांची गोष्ट रेशनकार्डापाशीच संपायची.

सीलबंद पाणी संपलं होतं. यजमानाने खालून नळाचं पाणी जगात भरून आणलं. पुण्याच्या मित्राने एकदा जगाकडे पाहिलं आणि मुकाट्याने ग्लास पुढे केला.